तोड्याच्या बंदुकीची न उडणारी प्रतिकृती: कुठे कुठे अडलो

फर्मावाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात मागच्या बाजूला एक खोली आहे. तिथे गावातल्या लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत: एक ढाल, दोन पट्टे, जात्याच्या तळ्या, तांब्याचा हंडा. शाळेच्या सहली येतात. पोरं एकच प्रश्न हमखास विचारतात, "मावळ्यांकडे बंदुका होत्या का?" होत्या म्हणून सांगतो, पण दाखवायला काही नाही. म्हणून गेल्या दिवाळीत ठरवलं की तोड्याच्या बंदुकीची एक प्रतिकृती करायची. खऱ्या मापाची, खऱ्या वजनाची, पण कधीही न उडणारी.

मी कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, करतो. बावीस वर्षं हेच काम. लाकूड, रंधा, पटाशी, लांबी (पुट्टी) मारणं यात मला अडचण येणार नाही असं वाटलं होतं. तरी आठ महिने गेले. जिथे जिथे अडलो ते इथे लिहितोय, म्हणजे दुसरा कुणी हे करायला घेईल तेव्हा त्याचे आठ महिने वाचतील.

आधी बंदुकीबद्दल थोडं. हिला इंग्रजी ग्रंथांत तोरादार म्हणतात, आपण तोडेदार किंवा तोड्याची बंदूक म्हणतो. तोडा म्हणजे सुती दोरीची जळती वात, जामगी. ही जामगी घोड्याच्या, म्हणजे वात धरणाऱ्या वाकड्या दांडीच्या, चिमट्यात अडकवायची. चाप दाबला की घोडा पुढे झुकतो, वातीचं टोक नळीच्या उजव्या अंगाला असलेल्या रंजकदाणीत टेकतं, रंजक (दाणीतली बारीक दारू) पेटते आणि कानातून, म्हणजे नळीला पाडलेल्या बारीक भोकातून, आग आत जाते. चकमकीची बंदूक आली तरी आपल्याकडे ही एकोणिसाव्या शतकापर्यंत चाललीच. मग १८५७ नंतर ठिकठिकाणी हत्यारं काढून घेतली गेली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलीसुरली परवान्याखाली आली. एके काळी गावोगाव असलेली वस्तू आज बघायला संग्रहालयात जावं लागतं ते त्यामुळे. जिथे आहे तिथेही घोडा मोडलेला, रंजकदाणीचं झाकण गेलेलं, गज (दारू-गोळी ठासायची सळई) भलत्याच बंदुकीचा असं असतं. सगळे भाग जागच्या जागी असलेली एक बघायला मला तीन संग्रहालयं पालथी घालावी लागली.

पहिली अडचण: माप. वस्तू काचेच्या आत. हात लावू देत नाहीत, तो नियम योग्यच आहे. पाटीवर फक्त एकूण लांबी लिहिलेली: १६५ सें.मी. बाकी सगळं फोटोवरून काढायचं. मी मोबाईलने पंधरा-वीस फोटो काढले, घरी येऊन पुठ्ठा कापला आणि भिंतीला लावून लांबून पाहिला. काहीतरी चुकत होतं. दस्ता (नळीखालचं आणि मागचं लाकूड) जाडजूड, नळीचं तोंड बारीक, एखाद्या दांडक्यासारखं. कारण नंतर कळलं. कपाटासमोर खांब होता म्हणून मी दस्त्याच्या बाजूला उभा राहून फोन जरा तिरपा धरला होता. जवळचं टोक मोठं आलं, लांबचं बारीक.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा समोरच्या भिंतीला पाठ टेकून, बरोबर मधोमध उभा राहून, झूम करून फोटो घेतले. काचेतली चमक जावी म्हणून बायकोने काळी शाल धरली. त्या फोटोवरून काढलेली मापं पाटीवरच्या लांबीशी जुळली. नळी ११५, तिच्या मागे उरलं ते नुसतं दस्त्याचं लाकूड.

दुसरी अडचण: माझीच सवय. ओतकामात लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आम्ही पॅटर्न थोडा मोठा करतो. त्यासाठी पट्टीच वेगळी असते. बिडासाठीच्या (ओतीव लोखंडासाठीच्या) पट्टीवरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा सुमारे दहा मिलिमीटर लांब असतो. दस्त्यातली नळीची खाच मी सवयीने त्या पट्टीने आखली आणि नळी मात्र साध्या टेपने मापली. नळी बसवायला गेलो तर मागे बोटभर फट. एक सें.मी.हून थोडी जास्तच. सागवानाचा एवढा लांब तुकडा, सरळ रेषेचा, एकही गाठ नसलेला, आणि त्यात ही फट. त्या दिवशी रंधा खाली ठेवला तो आठवडाभर उचलला नाही.

शेवटी तो दस्ता बाद केला आणि नवा घेतला. त्या खोलीत मुलं ती वस्तू खरी समजून बघणार. तिथे पुट्टी भरून फट झाकणं मनाला पटलं नाही.

तिसरी: लाकूड. वखारीतून आणलेलं लाकूड ओलं निघालं. विकणाऱ्याने सुकलेलं म्हणून दिलं होतं. खाच काढल्यावर तीन दिवसांत धनुष्यासारखं वाकलं. मग एका पडलेल्या वाड्याची तुळई मिळाली, जुना साग. ती चिरून घेतली, खाच ढोबळ काढली आणि माळ्यावर दीड महिना तशीच ठेवली. लाकडातला ताण एकदा मोकळा झाला की ते जेवढं वाकायचं तेवढं वाकतं. मग शेवटचं माप काढायचं. या तुळईत खिळे दडलेले असतात, आधी लोहचुंबक फिरवून बघा. माझं एक पातं तिथेच मोडलं.

नळी, घोडा आणि वजन याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. आधी तुम्ही काय म्हणताय ते वाचू दे.

---

सह्यवेडा

दादा, जबरदस्त काम. वाखुसा (वाचनखूण साठवली). एक विचारतो. नळी लाकडाची का? जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइप किंवा सीमलेस (शिवण नसलेली) ट्यूब घेतली असती तर आवाज, थंडपणा, वजन सगळं खरं वाटलं असतं. लाकडाला रंग दिला की हात लावताच कळतं. तुम्ही एवढी मेहनत घेताय तर शेवटची दहा टक्के का सोडायची?

---

फर्मावाला

सह्यवेडा, हा प्रश्न येणार हे माहीत होतं. म्हणून त्याचं उत्तर आधी देतो, बाकी नंतर.

पोकळ लोखंडी नळी घेतली, मागून बंद केली आणि बाजूला भोक पाडलं, तर ती प्रतिकृती राहत नाही. ती वाईट दर्जाची बंदूक होते. आज मी न उडवण्यासाठी केली म्हणून दहा वर्षांनी ज्याच्या हाती पडेल तोही तसंच म्हणेल याची खात्री काय? दिवाळीत फटाक्याची दारू घरोघरी असते. पोरं काय करतील सांगता येत नाही. शिवण असलेली पाइप फुटली की काय होतं ते कारखान्यात हायड्रो टेस्टला पाहिलंय, तिथे तर नुसतं पाणी असतं.

म्हणून पहिल्या दिवशी तीन गोष्टी वहीत लिहिल्या आणि त्यांवर तडजोड केली नाही. नळी पोकळ नसेल, तोंडाशी फक्त दोन सें.मी. खोल खळगा, आत काळा रंग. कान पाडायचा नाही, रंजकदाणीच्या शेजारी काळा ठिपका काढायचा. आणि नळीचं मूळ सामान असं हवं की ज्याची कुणी ठरवलं तरी बंदूक होणार नाही.

ही दहा टक्के सोडलेली नाहीत. ती मुद्दाम बाजूला ठेवलीत.

---

काळा_कोट

फर्मावालांनी जे सांगितलं त्याला कायद्याचा आधार जोडतो, कारण या विषयावर समाजमाध्यमांवर फार चुकीचं पसरतं.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, विकणं यावर बंदी आहे. "जुन्या पद्धतीची आहे" किंवा "तोड्याची आहे" हा बचाव बनवणाऱ्याला मिळत नाही. कलम ६ तर थेट नकली शस्त्राचं खऱ्या शस्त्रात रूपांतर करण्याबद्दल आहे, त्यालाही परवाना लागतो. म्हणजे सह्यवेडा म्हणतात तशी पाइप वापरून नंतर "मी भोक बुजवलंय" म्हणणं हे आगीशी खेळ आहे.

आणखी एक. घरात आजोबांची खरी जुनी बंदूक सापडली तर? कलम ४५ मध्ये जुनाट पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांसाठी सूट आहे, पण अट स्पष्ट आहे: दुरुस्ती करून किंवा न करता, ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्यासारखं नसावं. ही गोष्ट घरच्या घरी ठरवू नका. पोलीस ठाण्यात लेखी कळवा. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर पुरावस्तू म्हणून १९७२ चा कायदाही आहे, परदेशी पाठवायचा विचारही नको.

फर्मावाला, तुम्ही ठाण्यात कळवलं होतंत का?

---

फर्मावाला

हो, काम सुरू करायच्या आधीच. वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज दिला: काय करणार, कशाचं करणार, नळी भरीव असेल, कुठे ठेवणार. सोबत आराखडा जोडला. साहेबांनी दोनदा वाचलं, प्रश्न विचारले आणि पोचपावती दिली. काम झाल्यावर नेऊन दाखवली, तेव्हा त्यांनीच नळीच्या तोंडात पेन घालून पाहिलं. ती पोच आता वस्तूच्या मागे फ्रेम करून लावली आहे.

आता नळीचं सांगतो.

पहिली नळी नुसत्या लाकडाची केली. दिसायला छान झाली. पूर्ण बंदूक जोडून उचलली आणि मन खट्टू झालं. पावणेदोन किलोसुद्धा नाही, बासरीसारखी वर येते. खरी तोडेदार हातात घेतल्यावर डाव्या हाताला जो भार जाणवायला हवा तो नाही. मुलाच्या हातात ती दिली असती तर त्याला वाटलं असतं की मावळा ही एका हाताने फिरवत असेल. म्हणजे दिसायला खरी आणि हाताला खोटी.

मग हिशोब मांडला. गोल सळईचं मीटरला वजन काढायचं आमचं सूत्र सगळ्यांना माहीत असेल: व्यासाचा वर्ग भागिले १६२. खऱ्या नळीचा बाहेरचा व्यास सरासरी २५ धरला तर भरीव सळई मीटरला ३.८६ किलो. आतलं भोक १४ धरून त्याचे १.२१ वजा. राहिले २.६५. गुणिले १.१५ मीटर म्हणजे नळीच तीन किलोच्या आसपास. आणि ती सगळीकडे सारखी नाही. मागे, जिथे दारू पेटते तिथे, जाड असते, पुढे निमुळती होत जाते, पुन्हा तोंडाशी थोडी फुगते. म्हणजे भार मागे हवा.

उपाय आमच्याच धंद्यातला निघाला. मोठे पॅटर्न आम्ही दोन फाकांत करतो, मध्ये डॉवेल (खुंट्या) घालून. तशी नळी उभी दोन फाकांत केली, शिसपेन्सिलीसारखी, आणि शिसाच्या जागी सळई. मागच्या ४० सें.मी.ला २० मि.मी.ची सळई, म्हणजे एक किलो, आणि पुढच्या ७० सें.मी.ला १२ ची, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर. इपॉक्सीने चिकटवलं. दोन दिवस क्लॅम्प. मग लेथवर न घेता हातानेच गोल केली, कारण एवढी लांब वस्तू माझ्या लेथवर मावत नाही आणि मावली असती तरी आतल्या सळईने थरथरली असती. चौकोनाचे आठ पैलू, आठाचे सोळा, मग पॉलिश पेपरची पट्टी मागे-पुढे. संध्याकाळी दिवा एका बाजूला ठेवून सावली बघायची, उंचवटा लगेच दिसतो.

आता पूर्ण वजन तीन किलो चारशे. तराजूवर ते खऱ्यापेक्षा थोडं कमीच असेल, पण तोल जागच्या जागी आला. डावा हात जिथे धरायला जातो तिथेच ती टेकते.

सळई भरीव आणि चिकटवलेली आहे, तेव्हा तिची नळी कुणी करू शकत नाही. वजनाचा आणि सुरक्षेचा प्रश्न एकाच सळईने सुटला, याचं मला मनापासून समाधान आहे.

---

लोहाराची_लेक

दादा, हे वाचून वडिलांची आठवण आली. ते नांगराचे फाळ करायचे.

खऱ्या नळ्या कशा करत याबद्दल एक सांगते. लोखंडाची पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून कडा जोडायच्या असा हा प्रकार. ऐन-ए-अकबरीत बंदुकांवर वेगळा भाग आहे. पट्टी पिळून गुंडाळायची पद्धत त्यात दिली आहे. नळ्या आतून घासायला बैलाने फिरणारं चाक होतं आणि त्यावर एका वेळी सोळा नळ्या साफ होत, असंही आहे. अकबराच्या आवडत्या बंदुकीचं नाव संग्राम होतं. चितोडच्या वेढ्यात जयमलला त्याने याच बंदुकीने टिपलं असं सांगतात.

माझा प्रश्न पृष्ठभागाचा आहे. पिळाच्या लोखंडावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. ती तुम्ही लाकडावर कशी आणली? की आणलीच नाही?

---

फर्मावाला

ताई, नाही आणली. प्रयत्न केला. ब्रशने लाटा काढल्या, जवळून बघितल्यावर रंगवलेला साप वाटला, म्हणून घासून काढल्या. जमत नसेल तिथे साधं ठेवावं. साध्या, वापरातल्या नळ्याही असतच की.

लोखंडाचा भास असा आणला: पुट्टी, प्रायमर, मग लाखेच्या पॉलिशमध्ये ग्रॅफाइटची पूड कालवून चार हात. ग्रॅफाइट फाउंड्रीत असतंच. वाळल्यावर जाड सुती कापडाने घासत राहायचं. घासता घासता करडी चमक येते, ती रंगाच्या डब्यातून कधीच येत नाही. हाताला थंड मात्र लागत नाही, ते मान्य.

यात एक फजिती झाली. जूनमध्ये पाऊस लागला आणि दोन फाकांचा सांधा नळीच्या पूर्ण लांबीला केसासारखा उमटला. लाकूड आडवं फुगतं, त्याला वर रंग असो की काही असो. सगळं घासून काढलं, नळीला मलमलच्या पट्ट्या सरसात भिजवून गुंडाळल्या आणि पुन्हा पहिल्यापासून पुट्टी. जुलै-ऑगस्ट बाहेर टांगून ठेवली. आता रेषा नाही. तुम्ही करणार असाल तर मलमल आधीच लावा.

---

लीड्सकर

मी इथे लीड्समध्ये राहतो. रॉयल आर्मरीज संग्रहालय घरापासून पंधरा मिनिटांवर, प्रवेश फुकट. तुमचा धागा वाचून शनिवारी मुद्दाम भारतीय दालनात जाऊन आलो. तिथल्या बंदुकांकडे मी इतकी वर्षं नुसता "अरे वा आपलं" म्हणून बघत होतो. या वेळी दस्ता बघितला. सरळ, बारीक, मागे पाच पैलूंचा. युरोपीय बंदुकीसारखा खांद्याला भरून टेकेल असा नाहीच. आणि नळी दस्त्याला स्क्रूने नाही, पट्ट्यांनी बांधलेली. काहींना चामड्याच्या वाद्या, काहींना तारेचे वेढे.

तुमच्याकडे त्या कशा केल्या?

जाता जाता, इथला कायदा सांगतो कारण इथेही काही मराठी मंडळी नाटकांसाठी असं करतात. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुका बनवण्या-विकण्यावर बंदी आहे, पण ज्यांची रचना १८७० पूर्वीची आहे अशांच्या नकला त्यात येत नाहीत. म्हणजे तोडेदार त्या बंदीतून सुटते. तरी ती उघडी घेऊन रस्त्यावर जाऊ नका. समोरच्याला १८७० वगैरे काही दिसत नसतं.

---

फर्मावाला

लीड्सकर, एवढं जाऊन बघितलंत, फार आभारी आहे. पाच पैलूंचं तुम्ही अचूक टिपलंत. माझ्या पहिल्या पुठ्ठ्यात तो गोलच होता. फोटोत एकच बाजू दिसते. दुसऱ्या भेटीत गुडघ्यावर बसून मागून पाहिला तेव्हा कड दिसली.

वेढे पितळी तारेचे केले, पाच ठिकाणी. तार आधी गॅसवर तापवून मऊ केली, नाहीतर ती सुटते आणि लाकडाला वळ उठतात. घट्ट ओढत बारा-पंधरा वेढे, टोक आत खोचलं. मग लक्षात आलं की पावसाळ्यात लाकूड फुगलं की वेढा करकचतो आणि उन्हाळ्यात ढिला होऊन खुळखुळतो. खऱ्या बंदुकीतही हाच त्रास असणार. बहुतेक म्हणूनच चामडं वापरत असतील, ओलं बांधलं की वाळताना आवळतं. दोन वेढे काढून तिथे कच्च्या चामड्याची वादी लावली, कोल्हापुरी चपला करणाऱ्या शेजाऱ्यांनी दिली. त्या दोन आजही सगळ्यांत घट्ट आहेत.

दस्त्याच्या रंगाची युक्तीही त्यांचीच. हिरड्याचा काढा लाकडाला लावायचा, वाळू द्यायचा. मग गंजका खिळा आठवडाभर व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी लावायचं. डोळ्यांदेखत सागवान काळं पडतं. जुनी शाई याच तत्त्वावर करत. वर जवसाचं तेल. बाजारातल्या कुठल्याही डायपेक्षा हा काळा खोल आहे.

मागच्या टोपणासाठी म्हशीचं शिंग वापरलं. मूळ वस्तूंना हस्तिदंत असतं ते विसरा, बेकायदेशीर आहे आणि नकोच.

---

देवबागकर

आमच्याकडे सिंधुदुर्गात ठासणीच्या बंदुका अजून आहेत, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. आजोबांकडे होती, माकडां-डुकरांसाठी. ती तोड्याची नव्हती, पण पुढून ठासायचीच. म्हणून तुमच्या गजाबद्दल विचारतो. गज दस्त्याखाली सरळ बसतो ना? आजोबा सांगायचे, गज वाकला की बंदूक मेली. लाकडाचा केलात की लोखंडाचा?

आणि कोकणातले हेटकरी शिपाई बंदुकीसाठी नावाजलेले होते, ते पाटीवर लिहा. पोरांना मावळे माहीत असतात, हेटकरी नसतात.

---

फर्मावाला

देवबागकर, हेटकऱ्यांचं पाटीवर नक्की घेतो.

गज सहा मि.मी.च्या सळईचा, टोकाला थोडा चपटा. दस्त्याखालची खाच पोटातून सव्वा मीटर ओढणं हे दस्त्याच्या कामात सगळ्यांत कंटाळवाणं. एवढं लांब ड्रिल नसतं आणि असलं तरी भरकटतं. पुढचा भाग उघडी खाच, मागचा फक्त वीतभर भोक. खऱ्या बंदुकीतही पुढे उघडीच असते असं फोटोत दिसतं.

आता घोडा, कारण तिथे मी दोन महिने घालवले.

बाहेरून दिसतं ते इतकंच: नळीच्या मागे दस्त्यात एक उभी फट, तिच्यातून वर आलेला वाकडा घोडा आणि खाली पानाच्या आकाराचा चाप. बाकी सगळं लाकडाच्या पोटात. काचेतून आत दिसत नाही, फोटोत दिसत नाही. मी कल्पनेने जोडणी केली आणि घोडा उलटा, माझ्याकडे झुकायला लागला. युरोपातल्या तोड्याच्या बंदुकीत तो तसाच, नेम धरणाऱ्याकडे येतो. आपल्यात पुढे जातो, नळीकडे. खिळ्याच्या एका बाजूला दांडी जोडली की पुढे, दुसऱ्या बाजूला जोडली की मागे. एवढाच फरक, पण तो कळायला पुठ्ठा आणि टाचण्यांची सात मॉडेलं करावी लागली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर रात्री हे चालायचं. सातव्या मॉडेलचा चाप मुलीने दाबला आणि पुठ्ठ्याचा घोडा डुलत बरोबर दाणीत जाऊन टेकला. तिने परत दाबला. मग परत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरी जोडणी पितळी पट्टीची आहे. घोडा मागे आणायला जुन्या करवतीच्या पात्याची पट्टी स्प्रिंग म्हणून. ती फार कडक घेतली तर चाप दाबताना बंदूक हलते, नेम बिघडतो. मऊ घेतली तर घोडा परत येत नाही. तीनदा घासून पातळ केली. आता करंगळीनेही दबतो. नेम धरून हळू दाबायची वस्तू आहे ही, ते तिथे कळलं.

फट कापताना मात्र जपा. घोडा चार मि.मी.चा, फट पाचची, खोली चार सें.मी. पटाशीने बाजूची भिंत फुटली तर दस्ता गेला. मी आधी ओळीने भोकं पाडली, मग जुनी हॅकसॉची पाती कापडात धरून घासत गेलो.

---

संग्रहिका

मी एका वस्तुसंग्रहालयात नोंदणीचं काम करते, म्हणून एक विनंती. वस्तूवरच, न पुसता येईल असं, "प्रतिकृती" आणि वर्ष कोरा. पाटी हरवते, भिंत बदलते, माणसं बदलतात. पन्नास वर्षांनी तुमची ही हिरड्याने काळी केलेली सुंदर बंदूक कुणीतरी सतराव्या शतकातली म्हणून विकायला काढील. असे प्रकार आमच्याकडे तपासायला येतात. जितकं काम चांगलं, तितकी ही काळजी जास्त घ्यावी लागते.

दुसरं, कशावरून काय घेतलं ते लिहून ठेवा: लांबी पाटीवरून, पैलू प्रत्यक्ष पाहून, आतली जोडणी अंदाजाने. अभ्यासकाला शेवटची नोंद सगळ्यांत मोलाची असते. तुमच्या सात पुठ्ठ्यांपैकी काही उरले असतील तर टाकू नका.

---

फर्मावाला

ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कालच नळीच्या मागच्या तोंडाला, पितळी चकतीवर, "प्रतिकृती" आणि साल कोरून घेतलं, चकती चिकटवून वर दोन रिबिटं मारली. पुठ्ठ्यांपैकी चार सापडले, तिसरा आणि पाचवा मिळून. वहीत "आतली जोडणी: अंदाज" असं लाल शाईने लिहिलंय.

---

सह्यवेडा

पाइपबद्दल मी जे म्हणालो ते मागे घेतो. सळईचा हिशोब वाचून पटलं. आमच्या गटाला पुढच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी दोन करायच्या आहेत. एसटीने किंवा ट्रेनने नेताना काय काळजी घ्यायची?

---

फर्मावाला

मिरवणुकीसाठी असेल तर ठाण्यात आधी कळवा, काळा_कोट यांनी सांगितलंय तसं. नेताना मी दस्ता आणि नळी वेगळी केली, जुन्या सतरंजीत गुंडाळून वर सुतळी, आत अर्जाची प्रत. उघडी कधीच नेऊ नका. विमानात केबिनमध्ये खेळण्यातलीही चालत नाही. आणि जामगी पेटवू नका, दोरी म्हणजे साधी सुती दोरी, टोकाला तांबडा रंग बस्स. मिरवणुकीत गुलाल, फटाके, गर्दी असते.

परवा पहिली सहल येऊन गेली. सातवीतली एक मुलगी, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिच्या हातात दिली. तिने दस्ता जमिनीला टेकवून उभी केली तर नळीचं तोंड तिच्या डोक्याच्या वर गेलं. गज काढून ती तोंडाशी न्यायला लागली आणि हात पोचेना. टाचा उंचावल्या, तरी नाही. मग तिने आपणहून बंदूक तिरकी केली, दस्ता मागे ढकलला आणि गज तोंडाशी आणला. वळून म्हणाली, "काका, आणि हे करताना समोरून घोडेस्वार येत असेल तर?" वर्गातली सगळी पोरं गप्प झाली आणि मग एकदम बोलायला लागली: मागे कोण उभं राहील, दोघांनी आळीपाळीने कसं करायचं, पावसात वात कशी टिकवायची.

त्या प्रश्नांसाठी आता दारूचं शिंग आणि गोळ्यांची पिशवी करायला घेतोय, म्हणजे ठासण्याची सगळी क्रिया रिकाम्या हातांनी का होईना, करून दाखवता येईल. शिंगाच्या तोंडाला मापाचं झाकण असतं ते नेमकं कसं उघडतं हे फोटोत दिसत नाही. कुणाच्या गावातल्या वाड्यात, देवळात किंवा संग्रहालयात असं शिंग असेल तर तोंडाचा बाजूने फोटो आणि लांबी इथे टाका. सोबत पट्टी ठेवून काढा, आणि कॅमेरा सरळ धरा.